ऐंशी पुरे

मले राग लवकर येते, हे आमच्या अड्याळात शेंबड्या पोरालेही माहीत हाय. डेपोतही माहीत होतं. तिथं माह्या पाठीमांगं मले 'शॉर्ट सर्किट' म्हनत, आन म्हननाऱ्यांले वाटे केशवरावले ऐकू येत नाही. येत होतं. पन माह्या कामावर कोनाची बोट ठेवाची हिंमत झाली नाही. एकतीस वर्ष मी एसटीच्या डेपोत बॅटऱ्या सांभाळल्या. सकाळची पहिली गाडी माह्या बॅटरीमुळं धक्का माराले लागली, असं एकदाही झालं नाही. एकदा झालं होतं, पन त्याच्यात चूक डायवरची होती.

आमच्या बॅटरीच्या खोलीत एक शब्द चाले, 'उपाशी'. जी बॅटरी पूर्ण भरली नाही ती उपाशी. उपाशी बॅटरी आठ-पंधरा दिवस तशीच पडली का आतल्या प्लेटांवर पांढरी पपडी धरते, आन पपडी धरली का गेली कामातून. म्हनून नियम एकच. भरून ठेवा. रोज पाहा, पानी उतरलं का डिस्टिल वॉटर टाका, टर्मिनलले व्हॅसलिन लावा, आन भरून ठेवा. माह्या घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी आठ वर्षाची हाय. लोकांच्या तीन वर्षात बसतात. शहापूरपासून लाखांदूरपर्यंत लोक मले फोन करून विचारतात, केशवराव, बॅटरी धरून नाही राहिली, काय करू. मी फोनवरच सांगतो.

हे बढाई म्हनून नाही सांगून राहिलो. माह्याच घरात एक बॅटरी मेली, आन तिच्यासंगं माह्या सुनेची परीक्षा गेली, म्हनून सांगून राहिलो.

सून म्हनजे भावना. आमचा संघपाल बुटीबोरीले कंपनीत हाय, शनिवारी येते, सोमवारी पहाटे जाते. भावना आमच्यापाशी राहते. एम.एस्सी. झाली हाय, झाडापाल्याचं शास्त्र. पवनीच्या एका खाजगी शाळेत शिकवते आन उरलेल्या टायमात धानाचे जुने वान गोळा करते. कोन्या म्हाताऱ्याच्या बांधीत कोनतं धान हाय, ते कवा निसवते म्हनजे लोंबी कवा बाहेर येते, त्याले वास हाय का नाही, सगळं लिहून ठेवते. घरात बिस्किटाचे डबे हायत, त्याच्यात बिस्किट नाही, धानाच्या लोंब्या हायत. माही बायको लीलाबाई सुरुवातीले कुरकुर करे. मंग तिच्या माहेरचं एक धान, जे तिनं लहानपनापासून पाह्यलं नव्हतं, ते भावनानं कोठून तरी आनून तिच्या हातावर ठेवलं. तवापासून डब्यांले कोनी हात लावत नाही.

याच कामासाठी एका मोठ्या संस्थेत जागा निघते. तिथं धानाच्या वानांवर संशोधन कराचं, संस्था शिकवते, पगारही देते. त्याची एक परीक्षा असते. भावना मांगच्या वर्षी थोडक्यात हुकली. आन वयाची अट, सगळी सूट धरून, तेहेतीस. येत्या डिसेंबरात तिले तेहेतीस पूर्ण होनार होते. म्हनजे ही नोव्हेंबरची परीक्षा शेवटची. याच्यानंतर अर्जच नाही. हे घरात सगळ्याइले माहीत होतं. मलेही माहीत होतं. कोनी असं म्हनू नये का म्हाताऱ्याले समजलं नव्हतं.

परीक्षा लॅपटॉपवर द्याची होती, बंद खोलीत, कॅमेऱ्यासमोर, दीड घंटा. मोबाईलवर चालत नाही. मधात लॅपटॉप बंद पडला तर पाच मिनिटाची सूट. पाच मिनिटाच्या वर गेलं का पेपर संपला.

लॅपटॉप मार्चात आनला होता, भंडाऱ्यात धम्मदीप म्हनून एक पोट्टा दुकान चालवते त्याच्यापासून, सेकंड हँड. ज्या दिवशी आला त्या दिवशी भावनानं मले समोर बसवून सांगतलं. ती आमच्यासंगं बोलतानाही शाळेची मराठी बोलते, सवयच हाय तिची.

"मामाजी, ह्याची बॅटरी जुनी आहे, जपून वापरली तर अजून दोन वर्षं जाईल. हिला ऐंशीपर्यंतच भरायचं. मी तसं सेटिंग करून ठेवलं आहे, ऐंशीला आपोआप थांबेल. आणि चोवीस तास लावून ठेवायची नाही, गरम होऊ द्यायची नाही."

मी म्हनलं, "ऐंशी म्हनजे उपाशी."

"तुमची शिशाची बॅटरी वेगळी, मामाजी. ही लिथियमची. हिला गच्च पोट सोसत नाही. कधी बाहेर जायचं असेल तर त्या दिवसापुरतं शंभर करायचं, एरवी नाही."

मी चाहाचा कप खाली ठेवला, तो जरा जोरात ठेवल्या गेला. माह्या घरात, माह्यासमोर बसून, बॅटरी कशी सांभाळाची हे मले सांगून राहिली. जिचा जन्म झाला तवा मी डेपोत बॅटरी पाहून राहिलो होतो. लीलाबाई मंग म्हने, "चांगलं सांगतलं ना पोरीनं, तोंड काहून पाडलं?" मी म्हनलं, "तू भाजी पाहा."

भावनानं झाकनावर एक गुलाबी चिठ्ठी चिकटवली. त्याच्यावर दोनच शब्द, 'ऐंशी पुरे'. मी दिवसभर घरी राहतो, येता-जाता ते चिठ्ठी मले दिसे. आन दिसली का माही तळपायाची आग मस्तकात जाये.

चार दिवसांनी मी ते सेटिंग काढलं. काही अवघड नव्हतं. मोबाईलवर एक हिंदीवाला सगळं दाखवते, कोठं दाबाचं, काय बंद कराचं. लॅपटॉपचा पासवर्ड भावनानंच मले देला होता, बातम्या पाहासाठी. ऐंशीचं शंभर केलं आन चार्जर लावून ठेवला. दुपारी पाह्यलं तर शंभर. मले बरं वाटलं. भुकेल्या लेकराले जेवू घातल्यासारखं वाटलं, आता खोटं काहून बोलू.

ती सांजच्याले शाळेतून आली, पाह्यलं आन पुन्हा ऐंशी केलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शंभर केलं. असं चालू झालं. ती ऐंशी करे, मी शंभर करो. ती चार्जर काढून गुंडाळून ठेवे, मी उलगडून लावो. दोन-तीनदा तिनं तोंडानंही सांगतलं. "मामाजी, खरंच नका लावू." मी म्हनो, "बरं." आन लावो. धूळ बसू नये म्हनून वरून टॉवेल झाकून ठेवो. मे महिन्यात लीलाबाईनं टॉवेलखाली हात घातला आन म्हने, "बापा, याच्यावर तर भाकर भाजता येईन." मी म्हनलं, भरताना बॅटरी तापतेच. डेपोत तापत होती. ते खरंच हाय, तिथं तापत होती.

ऑगस्टात भावनानं ऐंशी कराचं सोडलं. चार्जर लावलेला दिसला तरी मुकाट्यानं अभ्यासाले बसे. चिठ्ठी तेवढी तशीच होती, रंग उडलेली. मले वाटलं, चला, समजलं तिले. खरं सांगाचं तर मले वाटलं मी जितलो.

दसऱ्याच्या सुमाराले लॅपटॉप टेबलावर डगडग हालाले लागला. एक बाजू उचलल्यासारखी झाली होती. मले वाटलं टेबल वाकडं हाय, नाहीतर खालचं रबर झिजलं. मी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापला, चार घड्या घातल्या आन खाली चिकटवून देला. हालनं बंद झालं. भावनाले सांगतलंही नाही. येवढ्याशा गोष्टीचं काय सांगाचं.

आमचं घर तलावाच्या पाळीखाली, म्हनजे बांधाखाली हाय, खोलगट जागेत, तिथं नेटवर्क धड येत नाही. म्हनून परीक्षा विहारात द्याचं ठरलं. विहार उंचावर हाय, मांगं एक लहान खोली हाय, दार लावता येते. तिथं लाईन हाय, पन इन्व्हर्टर नाही. कमिटीवाल्याइनं किल्ली देली, मीही कमिटीत हावो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी भावना म्हने, "मामाजी, आज मी शंभर करून ठेवलं आहे. आता साडेसहाला काढते आणि साडेआठपर्यंत बॅटरीवरच चालू ठेवते. उद्या लाईन गेली तर किती वेळ टिकेल ते कळेल मला. कृपा करून लावू नका."

हे वाक्य मले अक्षर न अक्षर आठवते. कृपा करून लावू नका.

तिनं एक व्हिडिओ चालू करून ठेवला आन सैपाकघरात गेली. मी बाजूले बसलो होतो. पंधरा मिनिटात आकडा एकदम खाली आला. किती आला होता तेही सांगतो, लपवत नाही. एकेचाळीस. पन मले वाटलं काय? मले वाटलं, पाहा, उद्या परीक्षा आन आज बॅटरीले उपाशी मारून राहिली. हा येडेपना कोनी शिकवला? मी चार्जर लावला. भाकरी होतपर्यंत, भाजी होतपर्यंत, मंग ते लीलाबाईच्या पायाले तेल लावत बसली, तितका वेळ. आठ वाजून एकोनतीस मिनिटाले काढला आन गुंडाळून जसा होता तसा ठेवला.

साडेआठले तिनं येऊन पाह्यलं. शहाण्णव. ते पाहतच राहिली. मंग हासली. कितीक महिन्यानं मी तिले मोकळं हासताना पाह्यलं. म्हने, "मामाजी, दोन तासांत चारच टक्के. मला वाटत होतं बॅटरी गेली असेल. तुमच्या हाताला यश आहे बुवा."

मी फुगलो. आता लाज वाटते, पन फुगलो.

तरी ते हुशार, सकाळी तिनं विचारलंच. "इन्व्हर्टर नेऊन ठेवायचा का विहारात? असू दे सोबत." मी म्हनलं, "ते बॅटरी एका मानसाएवढी जड हाय, कायले उचलाची? तुही बॅटरी फुल्ल हाय. माही जिम्मेदारी." तिनं ऐकलं. आठ महिन्यात मी तिचं एक ऐकलं नाही, आन तिनं माहं एका शब्दात ऐकलं.

अकरा वाजता परीक्षा लागली. ती आत, दार बंद. मी आन लीलाबाई बाहेर पायरीवर. मी पोट्टेसोट्टे हाकलून राहिलो होतो, बकऱ्या हाकलून राहिलो होतो, एकजन मोबाईलवर गाना लावून चालला होता त्याले शिवी घातली. अकरा वाजून बावीस मिनिटाले पंखा बंद झाला. लाईन गेली. मंग समजलं का धान कापाच्या मशीननं बांधीच्या कडेचा खांब वाकवला होता. मी लीलाबाईले म्हनलं, "जाऊ दे. बॅटरी शंभर हाय." निवांत सुपारी कातरली.

अकरा पस्तीसले दार उघडलं. भावना दारात उभी. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"मामाजी, बंद पडला."

पहिले मले समजलंच नाही. मंग मी धावलो. एकसष्ट वर्षाचा मानूस, पाळीवरून घरापर्यंत धावलो. शेजारचा कैलाश आंगनात होता, त्याची हातगाडी घेतली, दोघाइनं मिळून बॅटरी उचलली, इन्व्हर्टर उचलला. वायरी तोडल्या, हातानं सोलल्या. चढावर गाडी मांगं ओढे, कैलाश म्हने, "काकाजी, हळू जी, बॅटरीतलं पानी सांडन." मी त्याच्यावर ओरडलो, ढकल म्हनलं. खोलीत नेऊन टर्मिनल जोडले, बटन दाबलं. एका दमात लाईट लागला, लॅपटॉपचा दिवा लागला. आठ वर्षाची बॅटरी, काठोकाठ भरलेली, एका दमात.

स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी आल्या. भावनानं वाचून सांगतलं, तुमचा पेपर संपला हाय. घड्याळात बारा वाजाले दोन मिनिटं होते.

ती रडली नाही. उठली आन म्हने, "चला, ही बॅटरी घरी न्यावी लागेल, कैलाशभाऊंना काम असेल." लीलाबाई रडली. मी त्या मशीनवाल्याले शोधत बांधीवर गेलो. त्याले जे तोंडात आलं ते बोललो. तो बिचारा पंजाबकडचा, त्याले अर्धं समजलं नाही. दुसऱ्या दिवशी लाईनमनसंगं भांडलो. संघपाल आला त्याच्यासंगं भांडलो, का तू बायकोले नवीन लॅपटॉप नाही घेऊन देला. भावनानं संस्थेले पत्र लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं, नियमात बसत नाही. त्या दिवशी मी ताट फेकलं.

राग कोनावर काढू समजत नव्हतं, आन काढून झाला तरी संपत नव्हता. शेवटी डोस्क्यात आलं, धम्मदीप. त्यानंच नकली बॅटरी घालून देली. भावना शाळेत गेली, मी लॅपटॉप थैलीत घातला आन एसटीत बसलो.

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइक होते. मले बरंच वाटलं, सगळ्याइनं ऐकावं. मी थैली काऊंटरवर आपटली. "काय गा, हेच धंदे करतं? नकली माल विकतं? माह्या सुनेचं वाटोळं केलं तुनं. मले ओळखतं का? एकतीस वर्ष बॅटऱ्या पाह्यल्या मी. शंभर टक्के भरलेली बॅटरी तेरा मिनिटात बसते?"

धम्मदीपनं लॅपटॉप काढला, उलटा केला. खाली चिकटवलेला पुठ्ठा पाह्यला. बोटानं दाबून पाह्यला.

"काकाजी, हा पुठ्ठा कोनी लावला?"

"मी. हालत होता."

त्यानं स्क्रू काढले आन खालचं झाकन उचललं. बॅटरी फुगून राहिली होती. चपटी पाह्यजे ते, पोट आलेल्या मानसावानी वर आली होती. पुठ्ठ्याच्या जागेवर तर झाकनच वाकलं होतं.

तो मंग हळूच म्हने, गिऱ्हाइकाइले ऐकू जाऊ नये असा. "काकाजी, हे शिशाची बॅटरी नाही. हिले सारखं शंभरवर ठेवलं, चोवीस घंटे लावून ठेवलं, वरून तापू देलं, का हे अशी फुगते. आकडा शंभर दाखवते पन आत दम राहत नाही. ऐंशीवर ठेवली असती तर दीड-दोन घंटे हासत गेली असती. नशीब समजा, पेटली नाही."

मी पाहतच राहिलो. त्या फुगलेल्या पोटाकडे. आन मले पटलं. तिथंच, उभ्या उभ्या, एका मिनिटात पटलं.

"आन नवीन बॅटरी मी मांगवली हाय," तो म्हने. "भावनाताईचा फोन आला होता मांगच्याच आठवड्यात. त्याइनं सांगतलं सगळं. म्हने, चूक माहीच हाय, मीच दिवसरात लावून ठेवत होती." त्यानं माह्याकडे पाह्यलं आन नजर खाली केली. "तुम्ही बसा जी, चाहा सांगतो."

मी चाहा घेतला नाही.

परतीच्या एसटीत मले पुन्हा राग आला, आन या खेपेले भावनाचा आला. खोटं काहून बोलली? मले काहून नाही बोलली? माह्या तोंडावर दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. कदाचित घेतल्या असत्या.

ती आंगनात बसून होती, सुपात लोंब्या घेऊन. मी थैली खाली ठेवली.

"तुनं धम्मदीपले खोटं काहून सांगतलं?"

तिनं थैलीकडे पाह्यलं. "मग काय सांगणार होते? तुमचं बॅटरीतलं नाव आहे मामाजी, भंडाऱ्यापर्यंत. ते कशाला घालवायचं दुकानात."

"आदल्या दिवशी मी चार्जर लावला होता. तू सैपाक करत होती तवा."

"माहीत आहे. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बॅटरीवरच चालवून पाहिलं. तेव्हाच कळलं ते शहाण्णव कुठून आलं होतं."

"मंग मले बोलाचं होतं ना. एवढे दिवस तोंड शिवून बसली. कायले?"

ती सूप खाली ठेवून उभी राहिली. "धम्मदीपनं काय सांगितलं तुम्हाला?"

मी सांगतलं. ऐंशीच्या वर नाही, गरम नाही, सारखं लावून ठेवाचं नाही.

"पटलं?"

"पटलं."

"किती वेळात पटलं?"

मी थैली उचलाले वाकलो.

"सांगा ना मामाजी, किती वेळात?" तिचा आवाज चढला नाही. पन तिची शाळेची मराठी गेली होती, ते आता माह्याच बोलीत बोलून राहिली होती. "एका मिनिटात पटलं असन. मी आठ महिने तेच सांगून राहिली होती. तेच शब्द. ऐंशीच्या वर नाही, गरम नाही, लावून ठेवू नका. लिहून चिकटवलं. हात जोडले. त्या पोट्ट्यानं सांगतलं तर ते ज्ञान झालं, आन मी सांगतलं तर ते उलट बोलनं झालं. तुम्ही म्हनता बोलाचं होतं. मी बोलतच होती मामाजी. तुम्ही ते बोलनं धरलंच नाही. परीक्षा गेली ते मी सहन करन, पन हे नाही होत मले सहन. आन तुमच्या घरात राहते म्हनून रोज सहन करा लागते."

लीलाबाई दारात येऊन उभी होती. तिनं मले वाचवलं नाही. ते म्हने, "बरोबर बोलून राहिली ते," आन आत गेली.

मी राग पाह्यला, तर तो नव्हता. म्हनजे होता, पन तो काढाले दुसरं कोनी राहिलं नव्हतं.

नवीन बॅटरी आली. भावनानं शाळेतून जाऊन बसवून आनली. कुलपाची पेटी आनली आन चार्जर तिच्यात ठेवते. किल्ली तिच्या पर्समधी असते. मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत रविवारी पानी टाकतो, टर्मिनल पुसतो. फोन येतात, केशवराव, बॅटरी धरून नाही राहिली. मी विचारतो, कोनती हाय, शिशाची का दुसरी. दुसरी असली तर म्हनतो, त्याच्यातलं मले समजत नाही, माह्या सुनेले विचारा. भावनाचा नंबर देतो. ते कोनाचे फोन उचलते, कोनाचे नाही.

डिसेंबरात तिचा वाढदिवस झाला. तेहेतीस पूर्ण. कोनी त्या आकड्याचं नाव काढलं नाही. लीलाबाईनं खीर केली, तांदूळ भावनाच्याच डब्यातले, वासाचे. संघपाल आला होता. जेवाले बसलो. भावना वाढून राहिली होती. माह्या वाटीत तिनं एक पळी घातली, दुसरी घातली.

"पुरे," मी म्हनलं.

तिनं माह्याकडे पाह्यलंही नाही. तिसरी घातली, चौथी घातली, खीर काठावरून ताटात उतरेपर्यंत घालत राहिली. मंग पळी भांड्यात ठेवली आन संघपालले वाढाले गेली.

मी ते सगळी खाल्ली.